नियम सांगणारी माणसं

खारघर स्टेशनासमोर, महामार्गाच्या पलीकडे, भारती विद्यापीठाजवळ रेनट्री मार्गावर सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची इमारत आहे. पोस्टाच्या पत्त्यात ती सी.बी.डी. बेलापूरमध्ये मोडते. पण रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे तिला ‘खारघरचं सी-डॅक’च म्हणतात, आणि खारघर आमच्या पनवेल तालुक्यातलं. म्हणून त्या इमारतीत आलेल्या विद्येवर पनवेलकर म्हणून थोडा हक्क सांगायला मला संकोच वाटत नाही.

नवीन पनवेलला कॉम्प्युटर शिकवण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. आता घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांशी गप्पा होतात, तेव्हा एक गोष्ट दर वेळी जाणवते. कृत्रिम बुद्धिमत्ता दोन-चार वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात जन्मली आणि मोबाइलमधून आपल्याकडे उतरली, अशी या मुलांची पक्की समजूत आहे. कुलाब्याला, जुहूला आणि पुढे खारघरला ज्यांनी या विषयात आयुष्य घातलं, त्यांची नावं या मुलांच्या कानावर पडलेली नाहीत. पनवेलहून वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर हा इतिहास उभा असताना तो त्यांना ठाऊक नसावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टी.आय.एफ.आर.मध्ये होते. तिथे १९५० च्या दशकात काही तरुणांनी स्वतःच्या हातांनी एक संगणक बांधायला घेतला. त्यांचे म्होरके होते आर. नरसिंहन. १९६० साली ते यंत्र कामाला लागलं आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. सुमारे २७०० निर्वात नळ्या आणि फक्त २०४८ शब्दांची स्मृती. आजच्या साध्या मोबाइलशीही तुलना करू नये इतकी त्याची ताकद लहान, पण ते यंत्र विकत आणलेलं नव्हतं.

नरसिंहन पुढे काही वर्षं अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे त्यांच्यापुढे प्रश्न होता बबल चेंबरच्या छायाचित्रांचा. अणुकण द्रवातून धावतात तेव्हा बुडबुड्यांच्या रेघा उमटतात, आणि अशी हजारो छायाचित्रं माणसाने डोळ्यांनी किती तपासायची? नरसिंहन यांनी सुचवलं की चित्रालाही व्याकरण असतं असं मानू या. बिंदूंपासून रेघ, रेघांपासून फाटा, फाट्यांपासून घटना, अशी वाक्यासारखी रचना यंत्राला सांगू या. चित्राकडे वैयाकरणाच्या नजरेने बघण्याची ही रीत १९६० च्या दशकातली आहे आणि या शास्त्राच्या जगभरच्या इतिहासात तिची नोंद आहे. भारतात परतल्यावर ते लहान मुलं भाषा कशी शिकतात याच्या मागे लागले. मूल आईशी बोलताना काय करतं ते नीट समजल्याशिवाय यंत्राला भाषा शिकवण्याच्या गोष्टी करू नयेत, अशी त्यांची धारणा होती. मला हा माणूस फार मोठा वाटतो. यंत्र बांधणाऱ्यांपैकी किती जण लहान मुलाचे बोल टिपत बसतात?

त्याच संस्थेतले श्रीनिवासन रमणी. १९७१ साली लंडनला आंतरराष्ट्रीय कृत्रिम बुद्धिमत्ता परिषद भरली, तिच्या निबंधांमध्ये रमणींचा निबंध होता. विषय होता भाषेच्या आधाराने प्रश्न सोडवणारा प्रोग्रॅम. म्हणजे आपल्याकडे बँकेतल्या खतावण्या हाताने लिहिल्या जात होत्या, संगणक म्हणजे माणसाच्या पोटावर पाय असं संघटना म्हणत होत्या, त्या काळात मुंबईतला एक माणूस यंत्राशी भाषेतून कसं बोलावं याचा विचार जगापुढे मांडत होता. टी.आय.एफ.आर.मध्ये सॉफ्टवेअरसाठी जे केंद्र होतं, त्यातून १९८५ साली जुहूला गुलमोहर क्रॉस रोडवर स्वतंत्र संस्था निघाली. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, सगळ्यांच्या तोंडी एन.सी.एस.टी. रमणी तिचे संचालक झाले. देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट जाळ्याच्या उभारणीतही याच संस्थेचा वाटा होता, आणि त्याबद्दल पुढे रमणींचं नाव इंटरनेटच्या जागतिक मानकऱ्यांच्या यादीत गेलं. पण माझा विषय तो नाही.

माझा विषय एक्स्पर्ट सिस्टिम. तज्ज्ञ माणूस ज्या आडाख्यांवर निर्णय घेतो, ते आडाखे ‘जर असं असेल, तर तसं’ अशा नियमांत लिहून काढायचे आणि यंत्राला ते नियम चालवायला लावायचे. अमेरिकेत स्टॅनफर्डला १९६० च्या दशकात रसायनशास्त्रातल्या रेणूंची रचना ओळखणारा डेंड्रल तयार झाला, आणि पुढच्या दशकात मायसिन. मायसिन रक्तातल्या जंतुसंसर्गाचं निदान करून कोणतं अँटिबायोटिक द्यावं ते सुचवायचा. त्यात सुमारे पाचशे नियम होते. तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यांबरोबर त्याचे सल्ले नावं झाकून तपासले, तेव्हा मायसिन कुणाच्या मागे पडला नाही. तरी तो रुग्णालयात रोजच्या वापरात कधीच आला नाही. चूक झाली तर जबाबदार कोण, हा प्रश्न तेव्हाही होता.

१९८२ साली जपानने ‘पाचव्या पिढीचे संगणक’ अशी मोठी दहा वर्षांची मोहीम सुरू केली आणि जगभर धांदल उडाली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन १९८६ मध्ये एक कार्यक्रम सुरू केला. नाव नॉलेज बेस्ड कॉम्प्युटर सिस्टिम्स, लघुरूप के.बी.सी.एस. कामाची वाटणी झाली. बंगळूरच्या आय.आय.एस्सी.कडे समांतर संगणन, कलकत्त्याच्या आय.एस.आय.कडे प्रतिमा, टी.आय.एफ.आर.कडे बोललेली भाषा, मद्रासच्या आय.आय.टी.कडे आणि जुहूच्या एन.सी.एस.टी.कडे एक्स्पर्ट सिस्टिम्स, दिल्लीत खुद्द विभागाकडे सरकारी कामातले उपयोग. ११ ते १३ डिसेंबर १९८९ या दिवसांत मुंबईला या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, आणि रमणी, आर. चंद्रशेखर आणि के. एस. आर. अंजनेयुलू यांनी संपादित केलेले तिचे निबंध जर्मनीच्या स्प्रिंगर प्रकाशनाने छापले. तो जाड ग्रंथ मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मुखपृष्ठावर ‘बॉम्बे’ वाचून ऊर भरून आला होता.

आता मी या गोष्टीत कशी आले ते सांगते. पनवेल म्हणजे पूर्वी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं गाव. कुठलं लाकूड तुंब्याला, कुठलं आऱ्याला आणि लोखंडी धाव किती तापवून चढवायची, हे जाणणारी माणसं इथे होती. माझ्या पिढीला चाकांऐवजी कारखाने मिळाले. रसायनशास्त्रात पदवी घेऊन मी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागले. प्रयोगशाळेबरोबर पाणी आणि वाफेची तपासणी माझ्याकडे होती, त्यामुळे बॉयलर हाउसमध्ये रोजचं जाणं. १९९१ मध्ये मी एन.सी.एस.टी.च्या अर्धवेळ अभ्यासक्रमाला नाव घातलं. तेव्हा पनवेलला लोकल नव्हती. खाडीवरून वाशीपर्यंत रेल्वे आली १९९२ मध्ये, पनवेलला पोचायला १९९८ उजाडलं. म्हणजे एस.टी.ने मुंबई गाठायची, पुढे लोकलने पार्ल्याला आणि तिथून बसने जुहूला. परतताना वाशीच्या पुलावर हमखास झोप लागायची.

तिथे माझी गाठ पडली ‘विद्वान’शी. विद्वान हे एन.सी.एस.टी.ने बनवलेल्या एक्स्पर्ट सिस्टिम शेलचं नाव. शेल म्हणजे नियम चालवण्याची तयार व्यवस्था. तिच्यात वैद्यकाचे नियम घातले तर ती वैद्यकाचं बोलेल, शेतीचे घातले तर शेतीचं. एम. शशिकुमार, रमणी, एस. मुत्तु रामन, अंजनेयुलू आणि चंद्रशेखर या पाच जणांनी मिळून नियमाधारित एक्स्पर्ट सिस्टिम्सवर पुस्तक लिहिलं, त्यातही विद्वानचाच आधार आहे. इतकं स्वच्छ, शिकणाऱ्याचा हात धरून नेणारं भारतीय पाठ्यपुस्तक संगणकशास्त्रात मी फार थोडं पाहिलं आहे.

प्रकल्पासाठी मी बॉयलर निवडला. माझ्यासमोर तज्ज्ञ होता. आमच्या बॉयलर हाउसमधले सगळ्यांत जुने अटेंडंट, ज्यांना मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळे मामा म्हणत. फरनेस ऑइलवर चालणारा तो बॉयलर मामांना घरच्या माणसासारखा माहीत होता. धुराड्याकडे मान वर करून बघायचे, स्टीम ट्रॅपला कान लावायचे, गेज ग्लासमधलं पाणी नाचतंय का बघायचे आणि सांगायचे, आज ब्लोडाऊन वाढवा.

नियम लिहून घेणं हे काम किती अवघड आहे, ते पुस्तकात वाचून कळत नाही. मामांना विचारलं, ‘धूर काळा झाला की तुम्ही काय करता?’ तर म्हणाले, ‘बघतो.’ काय बघता? ‘सगळं बघतो.’ हे ‘सगळं’ सोडवायला संध्याकाळच्या संध्याकाळ गेल्या. हळूहळू गाठी सुटल्या. काळा धूर म्हणजे एकतर हवा कमी, नाहीतर तेल नीट फवारलं जात नाही. फवारलं जात नाही याचं कारण एकतर बर्नरचं नोझल तुंबलंय, नाहीतर तेल पुरेसं तापलेलं नाही. फरनेस ऑइल घट्ट असतं. बर्नरपाशी ते शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास तापलेलं लागतं, नाहीतर थेंब जाड राहतात आणि काजळी धरते. गेज ग्लासमध्ये पाणी उसळतंय आणि वाफ ओली येतेय, याचा अर्थ बॉयलरच्या पाण्यात क्षार वाढलेत, फेस होतोय. हे शेवटचं मला प्रयोगशाळेच्या आकड्यांवरून माहीत होतं. मामांना आकडे न बघता माहीत होतं.

प्रत्येक नियमाला एक खात्रीचा आकडा द्यावा लागायचा, शून्य ते एक. ही पद्धत मायसिनची. मामा ‘हमखास’ म्हणाले तर मी ०.८ धरत असे, ‘बहुतेक’ला ०.५. एकाच निष्कर्षाकडे दोन वेगळे नियम बोट दाखवत असतील तर आकडे नुसते मिळवायचे नाहीत. पहिल्या नियमाने ०.८ खात्री दिली, तर उरलेल्या ०.२ शंकेचा अर्धा भाग दुसरा नियम घालवतो आणि एकूण खात्री होते ०.९. कितीही नियम पाठीशी उभे राहिले तरी खात्रीची बेरीज एकच्या पुढे जात नाही. अनुभवी माणूस पुरावे असेच तोलतो, असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पाऊणशेच्या आसपास नियम झाले. ते इंग्रजीत लिहिलेले होते, कारण पडद्यावर दुसरी लिपी आणणं तेव्हा माझ्या आवाक्यात नव्हतं. उधार मिळालेल्या पी.सी.वर मी मामांना ते चालवून दाखवले. यंत्र एक एक प्रश्न विचारत होतं, मी मराठीत सांगत होते, मामा उत्तरं देत होते. यंत्र उलट्या दिशेने विचार करायचं. एखादं कारण संशयित धरायचं आणि ते सिद्ध करायला काय काय लागेल तेवढंच विचारत मागे यायचं. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला यंत्राने विचारलं, बर्नरपाशी तेलाचं तापमान किती? मामा म्हणाले, ‘त्याला कशाला पायजे ते?’

हा प्रश्न यंत्राला विचारण्याची सोय होती. तुम्ही ‘का?’ असं टाइप करायचं, की ज्या नियमासाठी तो प्रश्न आला तो नियम ते पडद्यावर दाखवायचं. मी टाइप केलं. नियम आला. मी वाचून दाखवला: धूर काळा असेल, हवेचा डॅम्पर पुरेसा उघडा असेल आणि तेल नव्वद अंशांच्या खाली असेल, तर प्रीहीटर बिघडल्याची शक्यता ०.८.

मामा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘हे तर मीच बोललो होतो, ताई.’ आणि लगेच पुढे, ‘पण पावसाळ्यात न्हाई चालत हे. पावसाळ्यात टाकीच्या तळाला पाणी जमतं, ते तेलाबरोबर येतं. जाळ तडतडतो, धूर होतो, आणि प्रीहीटर एकदम चांगला असतो.’

इतक्या संध्याकाळींत जे निघालं नव्हतं ते त्या एका ‘का?’मुळे निघालं. स्वतःचा नियम समोर लिहिलेला दिसल्यावर त्यातलं उणं मामांना दिसलं. पनवेलचा चार महिन्यांचा पाऊस ज्या नियमात नव्हता, तो नियम अपुरा होता, आणि हे सांगणारा माणूस सातवी शिकलेला होता. एक्स्पर्ट सिस्टिमबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या प्रसंगात आहे. या यंत्रांकडे स्वतःचं ज्ञान नव्हतं. जे होतं ते कुणीतरी सांगितलेलं होतं, त्या सांगण्याचा माग काढता येत होता, आणि सांगणाऱ्याला ते दुरुस्त करता येत होतं.

कारखान्याने पुढे ते वापरलं नाही. एका बॉयलरसाठी संगणक कोण ठेवणार, असं उत्तर मिळालं, आणि त्या काळातल्या किमती बघता ते अगदीच गैर नव्हतं. मला लागलं ते दुसरंच. मामा निवृत्त झाले तेव्हा निदान नियमांची यादी कागदावर छापून बॉयलर हाउसमध्ये ठेवावी, अशी विनंती मी केली होती. तीही मान्य झाली नाही.

जुहूच्या त्याच संस्थेत दुसरं मोठं काम चाललं होतं भाषेचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्क्रीनटॉक नावाची एक प्रायोगिक प्रणाली बनवली. पी.टी.आय.च्या इंग्रजी बातम्या घ्यायच्या आणि त्यांचं भाषांतर करायचं. बातमी निवडण्यात शहाणपण होतं. अपघाताची बातमी असो की मंत्र्याच्या दौऱ्याची, तिचा सांगाडा ठरलेला असतो. कोण, कुठे, कधी, किती, हे यंत्राला त्या सांगाड्यात बसवता आलं तर मजकूर पुन्हा दुसऱ्या भाषेत उभा करता येतो. चंद्रशेखर यांनी पुढे प्रबंधच यंत्र आणि माणूस यांच्या संवादातून भाषांतर करण्यावर लिहिला. नंतर त्यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर लांब वाक्यांची सोपी छोटी वाक्यं करण्यावर १९९६ साली जो निबंध वाचला, तो त्या उपविषयातला पायाचा निबंध मानला जातो.

त्या वाटेवरचं पुढचं पाऊल ‘मात्रा’. एन.सी.एस.टी.मधली, आणि पुढे सी-डॅक मुंबईची, इंग्रजीतून हिंदीत भाषांतर करणारी प्रणाली. तिची एक गोष्ट मला फार आवडते. इंग्रजी वाक्य आपल्याला कसं समजलं, त्याची फोड ती पडद्यावर मांडायची. कर्ता हा, क्रिया ही, हा शब्दसमूह अमक्याला जोडलेला. जिथे दोन अर्थ निघत असतील तिथे वापरणाऱ्याने बोटाने दुरुस्ती करायची, आणि मग भाषांतर. म्हणजे इथेही यंत्र आपले पत्ते उघडे टाकून बसलेलं. विद्वान आणि मात्रा यांच्यामागे एकच वृत्ती होती, आणि ती त्या जुहूच्या मंडळींची वृत्ती होती असं मी मानते.

पुण्याला सी-डॅकमध्ये हेमंत दरबारी आणि त्यांचे सहकारी ‘मंत्र’वर काम करत होते. सरकारी नेमणुकांच्या अधिसूचना, आदेश अशा ठरावीक साच्यातला मजकूर इंग्रजीतून हिंदीत. मोहन तांबे यांनी कानपूरच्या आय.आय.टी.मधून पुण्याला आणलेल्या जिस्ट तंत्राने तर पी.सी.च्या पडद्यावर देवनागरी आणली. आणि एन.सी.एस.टी.त होते र. कृ. जोशी. जाहिरातीच्या जगातून आय.आय.टी. मुंबईत आणि तिथून जुहूला आलेले सुलेखनकार. विंडोजवर ज्या मंगल टंकात कित्येक वर्षं सगळा महाराष्ट्र टाइप करत आला, तो जोशींच्या हातचा. ज्यांच्या नावाने शाळेत एखादा धडा असायला हवा, त्यांचं नाव टंकाच्या यादीतही दिसत नाही.

इथे संस्कृतचा विषय काढायलाच हवा, कारण पनवेलच्या कुठल्याही व्याख्यानात तो निघतोच. १९८५ साली रिक ब्रिग्ज या अमेरिकी संशोधकाने एका नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. तो नासाच्या एम्स केंद्राशी संलग्न संस्थेत होता. त्यानंतर डिसेंबर १९८६ मध्ये बंगळूरला याच विषयावर परिषदही झाली. तेव्हापासून ‘नासाने संस्कृत ही संगणकाची भाषा म्हणून निवडली’ हे वाक्य फिरत आहे. नासाने असं काही केलेलं नाही, आणि ब्रिग्जने तसं म्हटलेलंही नाही. त्याने जे म्हटलं ते मला जास्त अभिमानाचं वाटतं. वाक्यातल्या क्रियेला मध्ये ठेवून कर्ता, कर्म, साधन, हेतू हे तिच्याभोवती कसे बांधायचे, याचं जे विश्लेषण नागेश भट्टांच्या ग्रंथात आहे, ते संगणकशास्त्रज्ञ अर्थाची जाळी मांडतात त्याच्याशी विलक्षण जुळतं, असं त्याचं म्हणणं. हे नागेश भट्ट म्हणजे काशीत राहिलेले, काळे आडनावाचे महाराष्ट्रीय पंडित. व्याख्यानात नासाचं नाव शंभरदा येतं. नागेश भट्टांचं एकदाही येत नाही.

मराठीचं काय? मराठीला यंत्रात बसवणं सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण मला शिकवताना रोज भेटायचं. इंग्रजी शब्दाची रूपं बोटांवर मोजता येतात. मराठीत ‘आंबा’ शब्दाला प्रत्यय लागण्याआधी त्याचं सामान्यरूप होतं ‘आंब्या’, ‘माणूस’चं ‘माणसा’, ‘घर’चं ‘घरा’. मग त्यावर ‘वर’, त्यावर ‘ऊन’, त्यावर ‘सुद्धा’, त्यावर ‘च’. माणसांवरूनसुद्धाच असं लिहिणारा आपल्यात कुणी नसेल, पण यंत्राला ते सोडवता आलं पाहिजे, कारण त्याच्या अलीकडची सगळी रूपं रोजच्या बोलण्यातली आहेत. शब्दकोशात असा शब्द शोधून सापडत नाही. आधी तो सोलावा लागतो. मो. के. दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. संगणकासाठी मराठीचे नियम लिहू पाहणाऱ्याला त्या ग्रंथाची आजही गरज पडते, हे मी अनुभवाने सांगते. आय.आय.टी. मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली मराठी शब्दजाल उभं राहिलं, शब्दांची फोड करणारे प्रोग्रॅम झाले. पुढे अनेक संस्थांनी मिळून इंग्रजी-मराठी आणि मराठी-हिंदी भाषांतराच्या प्रणाली केल्या. पर्यटनाच्या मजकुरापासून सुरुवात झाली. भाषांतर अडखळत यायचं, पण ज्यांनी सामान्यरूपाशी झुंज घेतली आहे त्यांना ते अडखळणंही आदराचं वाटतं.

२००३ मध्ये एन.सी.एस.टी. ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि ते जुनं नाव पाट्यांवरून गेलं. जुहूची जागा आणि खारघरची इमारत सी-डॅक मुंबईची झाली. विद्वानवर पुस्तक लिहिणाऱ्यांपैकी शशिकुमार पुढे अनेक वर्षं तिथलं संशोधन सांभाळत होते. एक्स्पर्ट सिस्टिमचा बहर मात्र त्याआधीच ओसरला होता. जपानची मोहीम १९९० च्या दशकात गुंडाळली गेली. अमेरिकेत डी.ई.सी. कंपनीने ग्राहकांच्या मागणीप्रमाणे संगणकाचे भाग जुळवणारी एक्सकॉन प्रणाली १९८० पासून वापरली, तिचे नियम वाढत वाढत हजारोंच्या घरात गेले, आणि एक नियम बदलला की दुसरीकडे काय बिघडेल हे कुणाला सांगता येईनासं झालं. नियमांची ही मर्यादा खरी आहे. मामांच्या पावसाळ्यासारखे अपवाद प्रत्येक धंद्यात आहेत आणि ते संपत नाहीत. आजची यंत्रं नियमांवर चालत नाहीत. ती अफाट मजकुरातून आपली आपण शिकतात आणि मराठीही असं लिहितात की पूर्वी आम्हाला ते स्वप्नात दिसलं नसतं. ते मला नाकारायचं नाही. पण माझे विद्यार्थी त्या यंत्राला ‘का?’ विचारतात तेव्हा जे उत्तर येतं, ते एखाद्या लिहिलेल्या नियमाकडे नेत नाही, कुणा मामाकडे तर नाहीच. त्या उत्तराखाली बोट ठेवून ‘हे मीच बोललो होतो, पण पावसाळ्यात नाही’ असं म्हणण्याची जागा अजून कुणी बांधलेली नाही. बांधायचा प्रयत्न करणारे जगभर आहेत, आणि त्यांतल्या मराठी मुलांनी विद्वानचं पुस्तक वाचलेलं असावं असं मला वाटतं.

आता मागणी. के.बी.सी.एस.चे अहवाल, विद्वानची माहितीपुस्तिका, १९८९ च्या परिषदेचा ग्रंथ, एन.सी.एस.टी.च्या परीक्षांचे जुने पेपर, हे पनवेल, नवी मुंबई, ठाणे, डोंबिवलीच्या कित्येक घरांत माळ्यावर पडलेलं आहे. एन.सी.एस.टी.त शिकलेले हजारो लोक आज साठीच्या आसपास आहेत. आवराआवर करताना यातलं काही रद्दीत घालू नका. शोधनिबंधांवर संशोधकांची नावं आहेत. नियम ज्यांच्याकडून घेतले त्या डॉक्टरांची, फिटरांची, शेतकऱ्यांची, बॉयलर अटेंडंटची नावं बहुतेक ठिकाणी नाहीत. ज्यांच्याकडे प्रकल्पांच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी निदान हे नियम कुणी सांगितले तेवढं पहिल्या पानावर लिहून ठेवावं आणि त्या वह्या जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्याव्यात. माझी वही मी पनवेलच्या वाचनालयात देणार आहे, मामांच्या घरच्यांना विचारून, त्यांच्या पूर्ण नावासह.